न्याय, अपकार आणि पोलेमार्कसचा होकार

मित्रावर उपकार करावा आणि शत्रूवर अपकार, ही न्यायकल्पना प्राचीन ग्रीकांमध्ये प्रतिष्ठित होती. सोलोनच्या काव्यापासून युरिपिडीसच्या ‘मीडिया’पर्यंत ती सहजपणे गृहीत धरलेली आढळते. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात पोलेमार्कस हीच कल्पना कवी सिमोनिडीसच्या आधाराने मांडतो. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय. आणि शत्रूचे देणे म्हणजे अपकार. सॉक्रेटिस त्याच्याकडून नेमका उलट निष्कर्ष वदवून घेतो : न्यायी माणूस कोणाचीही हानी करीत नाही, शत्रूचीही नाही. नीतिविचाराच्या इतिहासात या विधानाला मोठे स्थान आहे. मात्र ते कोणाचे रक्षण करते, हा प्रश्न त्या गौरवात बहुधा झाकला जातो.

सॉक्रेटिसचा युक्तिवाद थोडक्यात असा. घोड्याची हानी झाली की तो घोडा म्हणून निकृष्ट होतो, कुत्र्याचेही तसेच. म्हणजे माणसाची हानी झाली की तो मनुष्याच्या गुणात उणा होतो. न्याय हा मनुष्याचा गुण आहे. तेव्हा हानी झालेला माणूस अधिक अन्यायी होणार. पण संगीतज्ञ आपल्या संगीताने कोणाला संगीतशून्य करीत नाही, उष्णतेने गारवा येत नाही. मग न्यायी माणूस न्यायाच्या द्वारे दुसऱ्याला अन्यायी कसा करील?

यावरचा आक्षेप सर्वपरिचित आहे. ‘ब्लाप्तेइन’ या ग्रीक क्रियापदात इजा करणे आणि बिघडवणे हे दोन्ही अर्थ सामावतात, आणि युक्तिवाद एकातून दुसऱ्यात नकळत सरकतो. शत्रूचे शेत जाळले तर त्याचे नुकसान होते. तो त्यामुळे अन्यायी होतोच असे नाही. मराठीत हा सांधा उघडा पडतो. पोलेमार्कसच्या सूत्राला ‘अपकार’ हा शब्द चपखल बसतो, पण घोड्यावर कोणी अपकार करीत नाही. अनुवादकाला ऐन मोक्याच्या जागी शब्द तरी बदलावा लागतो, नाही तर ‘हानी’सारखा विवर्ण शब्द आरंभापासून वापरून ती फट बुजवावी लागते.

तथापि याला निव्वळ तर्कदोष म्हणून बाजूला सारणे घाईचे ठरेल. ‘अपॉलॉजी’त सॉक्रेटिस म्हणतो की हीन माणूस श्रेष्ठ माणसाची हानी करूच शकत नाही; ‘गॉर्जियास’मध्ये अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणे वाईट ठरते. या दोन्ही ठिकाणी खरी हानी आत्म्याचीच असते. ‘रिपब्लिक’मधील युक्तिवादामागे हेच अनुच्चारित गृहीतक असावे. तसे असेल तर विसंगती नाहीशी होते. पण आपण कशाला होकार दिला हे पोलेमार्कसला कळलेले नाही, एवढे मात्र निश्चित होते.

या गृहीतकाची किंमत पुढे दिसते. बिघडवणे एवढीच हानी असेल, तर जे सुधारण्यासाठी केले जाते ती हानीच नव्हे, मग देहाचे काहीही होवो. ‘गॉर्जियास’मध्ये शिक्षा ही आत्म्याची चिकित्सा होते, फटके, बंदिवास, हद्दपारी आणि मृत्यूही त्या चिकित्सेत बसतात. ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात ज्यांचे आत्मे असाध्यपणे दुष्ट आहेत त्यांना ठार करण्याची तरतूद येते, ‘लॉज’मध्ये अशा असाध्यांचे मरण त्यांच्याच हिताचे मानले जाते. हानीची मनाई करणारे तत्त्व येथे हानीला दुसरे नाव देण्याची सोय होऊन बसते.

ही शंका केवळ तात्त्विक नाही, हे प्लेटोच्या पहिल्या वाचकांना ठाऊक होते. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सवर तीस जणांची जुलमी सत्ता आली. तिच्या अग्रणींत प्लेटोच्या आईचा आप्त क्रिटियास होता. या सत्तेने पोलेमार्कसला आरोपही न सांगता विष प्यायला लावले. त्याचा भाऊ लिसियास याने नंतर एराटोस्थेनीसविरुद्ध केलेल्या भाषणात हे नोंदवले आहे. पोलेमार्कसच्या पत्नीच्या कानातली सोन्याची कर्णभूषणेही काढून घेतली गेली, हा तपशील तो विसरत नाही. त्याच भाषणात तो सांगतो की अन्यायी लोकांपासून नगर शुद्ध करून उरलेल्यांना सद्गुणाकडे आणि न्यायाकडे वळवायचे आहे, असा त्या तिसांचा दावा होता. चिकित्सेची भाषा त्यांनाही अवगत होती.

लिसियास स्वतः मात्र शत्रूला त्याचे देणे चुकते करण्याचा जुनाच न्याय मागतो. इजा कोणाला झाली हे त्याला अचूक कळते, पण सूडापलीकडे तो जात नाही. सॉक्रेटिस सूडापलीकडे जातो, पण त्याच्या व्याख्येत पोलेमार्कसचा देह मावत नाही.

या कोंडीतून वाट दाखवणारी जागा प्लेटोच्याच लेखनात आहे. ‘क्रायटो’त हानीची नवी व्याख्या पुढे न करता सॉक्रेटिस एवढेच म्हणतो की अन्यायाची परतफेड अन्यायाने करू नये, आणि हे फार थोड्यांना पटेल. सूड नाकारण्याच्या या भूमिकेचे महत्त्व ग्रेगरी व्लास्टॉस यांनी सॉक्रेटिसवरील १९९१ च्या ग्रंथात ठसठशीतपणे मांडले. त्याला ‘अपॉलॉजी’तील प्रसंग जोडून वाचावा. तिसांनी सॅलॅमिसच्या लिऑनला पकडून आणण्यासाठी पाच जणांना पाठवले. चौघे गेले, सॉक्रेटिस घरी गेला. लिऑन वाचला नाही. पण सॉक्रेटिसने त्या दिवशी हानी या शब्दाचा अर्थ बदलला नाही; आपला हात तेवढा मागे घेतला. स्वतःच्या कृतीवरचे बंधन म्हणून ते तत्त्व अभेद्य आहे. दंडसत्तेच्या हाती गेले की तेच तत्त्व, कोणाला बरे करायचे आणि कोण असाध्य आहे, हे ठरवू लागते. पोलेमार्कसचा होकार वाचताना हा भेद नजरेआड होता कामा नये.