चाळीस पत्रिकांची चाचणी: काय कळलं, काय नाही

गेल्या दोन महिन्यांत तुमच्यापैकी तिघांनी मला संशोधनाचा प्रस्ताव वाचायला पाठवला. तिन्हींचं शीर्षक थोड्याफार फरकानं एकच होतं: 'श्रद्धा आणि विज्ञान : एक चिकित्सक अभ्यास'. तिघांनाही मी एकच उत्तर लिहिलं, विषय लहान करा. त्यावर एकीनं रागावून विचारलं, "ताई, एवढा लहान केला तर त्यात उरतं काय?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज एक शोधनिबंध आपण सोबत वाचू. जेमतेम तीन पानांचा आहे आणि आपल्या महाराष्ट्रातच घडलेला आहे. २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये तो छापून आला. लेखक चार: खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिष शिकून नंतर त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे. चौघांच्या वाटा वेगळ्या. विषय होता ज्योतिषाचा दावा.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तो एम.ए.ला असताना, आणि खरं सांगायचं तर चुकीच्या कारणासाठी वाचला. घरातल्या एका भांडणात मला तो हत्यार म्हणून हवा होता. त्या भांडणाकडे पुढे येते. आधी प्रयोग समजून घेऊ.

प्रयोग काय होता?

'ज्योतिष खरं की खोटं' हा प्रश्न लेखकांनी विचारलाच नाही. त्यांनी ज्योतिषाच्या अनेक दाव्यांतला एकच उचलला: पत्रिकेवरून माणसाची बौद्धिक कुवत सांगता येते. मग २०० मुलांच्या जन्माचे तपशील जमवले. १०० मुलं शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी, १०० मुलं त्या वेळच्या भाषेत 'मतिमंद'. सगळ्यांच्या पत्रिका मांडल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या कोणत्याही ४० पाठवल्या. काम एवढंच होतं की कोणती पत्रिका हुशार मुलाची आणि कोणती दुसऱ्या गटातली, हे सांगायचं.

४० पैकी किमान २८ उत्तरं बरोबर आली तर दाव्यात काही तथ्य आहे असं मानायचं, हे आधीच ठरलेलं होतं. 'आधीच' या शब्दाखाली रेघ मारा. निकाल हातात आल्यावर अट ठरवणं म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढणं.

५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश सुमारे ४६ टक्के. २८चा उंबरठा कुणीच ओलांडला नाही. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याची २४ उत्तरं बरोबर होती. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यांची १०२ बरोबर आली.

आता इथे थांबा आणि स्वतः हिशोब करा, कारण मुलाखतीत हेच विचारतात. ४० पैकी २४ म्हणजे ६० टक्के. घरी सांगितलंत तर कुणीही म्हणेल, "बघ, पन्नासाच्या वर आहेत की!" पण ज्योतिषांच्या जागी २७ नाणी घेऊन प्रत्येक नाणं ४० वेळा उडवलं, तर त्यातली तीन-चार नाणी २४ किंवा त्याहून जास्त वेळा 'बरोबर' पडतील अशी अपेक्षा असते. म्हणजे असा एखादा 'यशस्वी' ज्योतिषी सापडणं हे नवल नाही, न सापडणं नवल ठरलं असतं. उलट २८ किंवा जास्त उत्तरं निव्वळ नशिबानं बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी आहे. अट तिथे का ठेवली, हे आता लक्षात येईल.

बलस्थान आणि कच्चे दुवे

मला या निबंधाचं सगळ्यात आवडतं ते हे की प्रयोग हरू शकत होता. पाच-सहा ज्योतिषांनी ३० गुण मिळवले असते, तर नारळीकर आणि दाभोलकरांना तेही छापावं लागलं असतं. ज्या अभ्यासात संशोधक हरूच शकत नाही, तो अभ्यास नसतो, भाषण असतं.

पण म्हणून डोळे मिटून मान डोलवायची नाही. कच्चे दुवे आहेत, ते मोजू.

पहिला: ५१ पैकी २४ जणांनी उत्तरच दिलं नाही. 'जे खरे जाणकार होते ते बाजूलाच राहिले' असं कुणी म्हटलं, तर निबंधातल्या आकड्यांवरून ते खोडता येत नाही. पण ते सिद्धही होत नाही, आणि ते करून दाखवायचं काम असं म्हणणाऱ्याचं.

दुसरा: जन्मवेळ. पाच-दहा मिनिटांच्या फरकानं लग्न बदलू शकतं, असा आक्षेप येतो. यावर माझं मत असं की ज्योतिषी रोज ज्या पत्रिका पाहतात त्याही अशाच, आईवडिलांनी सांगितलेल्या वेळेवर मांडलेल्या असतात. तेव्हा ही चाचणी पोथीतल्या आदर्श ज्योतिषाची नाही, चालू व्यवसायाची आहे. एवढं म्हटलं की आक्षेप बराच सैल होतो.

तिसरा दुवा मला जास्त टोचतो. एका गटातली मुलं 'हुशार' आणि दुसऱ्यातली 'मतिमंद' ही विभागणी संख्याशास्त्राला सोयीची आहे, कारण दोन टोकं घेतली की ज्योतिषांचं काम सोपं होतं आणि चाचणी त्यांच्यावर अन्याय करत नाही. पण ज्या मुलांच्या नावावर हा वाद झाला, ती या निबंधात फक्त एक रकाना आहेत. आज असा प्रस्ताव नैतिकता समितीपुढे मांडलात, तर संमती कुणाची घेतली हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येईल. उत्तर तयार ठेवा.

आत्याचा प्रश्न

आता ते भांडण. माझ्या आतेबहिणीला मंगळ आहे म्हणून दोन ठिकाणांहून नकार आले होते. ती शिकलेली, कमावती. तिसऱ्या ठिकाणी आत्या स्वतःच आधी पत्रिका पाठवायला निघाली, तेव्हा मी या निबंधाची प्रिंट घेऊन तिच्याकडे गेले. आकडे समजावले, नाण्याचा हिशोबही करून दाखवला. आत्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबरच असेल गं. एवढे मोठे शास्त्रज्ञ खोटं कशाला सांगतील? पण उद्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं, तर लोक म्हणतील आईनं साधी पत्रिकासुद्धा पाहिली नाही. तेव्हा तुझा हा कागद मी कुणाला दाखवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं की आत्या विषय टाळते आहे. पुढे समाजशास्त्र वाचताना कळलं की विषय मीच टाळत होते. तिचा प्रश्न ग्रहांचा नव्हताच, दोष कुणाच्या माथी येतो याचा होता. पत्रिका तिच्यासाठी भविष्य सांगणारं यंत्र नव्हती, बोल लागू नये म्हणून घेतलेली पावती होती. आणि पावतीच्या गरजेची चाचणी ४० पत्रिका पाठवून होत नाही. मी साप समजून भुई धोपटत होते.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि इथे पुष्कळ विद्यार्थी घसरतात. 'श्रद्धेला सामाजिक अर्थ असतो' एवढं म्हणून मोकळं होता येत नाही. ज्या दोन घरांनी नकार दिला, त्यांचा दावा भाकिताचाच होता: ही मुलगी घरात आली तर नवऱ्याला धोका. दावा असा असेल तर पुरावा मागायचा हक्क आहेच. या चाचणीनं मंगळ तपासला नाही, त्यामुळे 'मंगळ खोटा ठरला' असं मी तिच्या आधारानं म्हणणार नाही. पण असे दावे तपासता येतात, हे तिनं दाखवून दिलं. तपासणी होईपर्यंतची किंमत माझी बहीण मोजत होती, नकार देणारे नाही.

तीन प्रश्न, तीन वाटा

'श्रद्धा आणि विज्ञान' म्हटलं की आपण तीन वेगळे प्रश्न एकाच पातेल्यात शिजवतो. हा दावा खरा आहे का? सरकारनं, विद्यापीठानं, कायद्यानं त्याचं काय करावं? आणि लोक त्याकडे का जातात? पहिल्याचं उत्तर चाचणी देते. दुसऱ्याचं उत्तर वादविवाद, संविधान आणि न्यायालयं यांतून येतं. तिसऱ्यासाठी माणसांजवळ जाऊन बसावं लागतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उदाहरण घ्या. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांत 'ज्योतिर्विज्ञान' शिकवायची योजना आणली. जीवशास्त्रज्ञ पुष्प भार्गव आणि इतर त्याविरुद्ध न्यायालयात गेले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची याचिका फेटाळली. अभ्यासक्रम ठरवणं हे तज्ज्ञ संस्थेचं काम आहे, न्यायालयानं त्यात पडू नये, असा त्या निकालाचा एक मुख्य धागा होता. आजही कुणी 'न्यायालयानं ज्योतिषाला विज्ञान ठरवलं' असं सांगतं, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या जागी नेऊन ठेवलेलं असतं. ज्योतिषाला भाकीत करता येतं का, याचा निर्णय न्यायाधीश देऊ शकत नाहीत, आणि ज्योतिष चाचणीत नापास झालं म्हणून ते विद्यापीठात कोणत्याही रूपात, अगदी इतिहास म्हणूनही, शिकवू नये असं आपोआप ठरत नाही.

हा गोंधळ नवा नाही. १९८१ मध्ये मुंबईच्या नेहरू सेंटरनं वैज्ञानिक दृष्टिकोनावर एक निवेदन प्रसिद्ध केलं. त्यामागच्या मंडळींत भार्गवही होते. त्याला आशीष नंदी यांनी त्याच वर्षी लेखी प्रत्युत्तर दिलं. वरवर पाहता हा विज्ञानाची बाजू आणि विज्ञानावर संशय यांचा सामना वाटतो. मला वाचताना दिसतं ते असं की एक बाजू प्रामुख्यानं पहिल्या प्रश्नाबद्दल बोलते आहे आणि दुसरी बाजू विचारते आहे की विज्ञानाच्या नावानं अधिकार कोण गाजवतो. दोघांचे मुद्दे दमदार आहेत, पण बराच वेळ ते एकमेकांना उत्तर देतच नाहीत. तुमच्या पूर्वसाहित्याच्या प्रकरणात या दोघांना समोरासमोर उभं करण्याआधी, कोण कशाला उत्तर देतंय हे तपासा.

'अंधश्रद्धा' हा शब्द जपून

मराठीत एक खास अडचण आहे. आपल्याकडे 'श्रद्धा' आणि 'अंधश्रद्धा' असे दोन शब्द तयार मिळतात. चळवळीला ते उपयोगी पडले. दाभोलकर सतत सांगत की आपला विरोध देवाला किंवा धर्माला नाही, शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर राज्यात वटहुकूम आला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदाही सरसकट 'अंधश्रद्धे'ला हात घालत नाही, ठरावीक अघोरी कृत्यांची यादी देतो. कायदा करणाऱ्यांना जे समजलं ते आपल्याला समजायला हवं: कोणाची श्रद्धा आंधळी हे मोजता येत नाही, कोणतं कृत्य कुणाला इजा करतं हे दाखवता येतं.

म्हणून प्रश्नावलीत 'तुम्ही अंधश्रद्धाळू आहात का?' असं विचारू नका. त्या शब्दात निकाल आधीच बसलेला आहे. 'गेल्या वर्षी पत्रिका कोणत्या कामासाठी दाखवली? कुणी सुचवलं? नाही दाखवली असती तर कोण काय म्हणालं असतं?' असं विचारा. आत्या अशा प्रश्नांना तासभर बोलली असती. मी तिला विचारलंच नाही, मी तिला शिकवायला गेले होते.

तर, लहान केल्यावर उरतं काय? या चौघांनी एक प्रश्न इतका लहान केला की तो तीन पानांत मावला आणि इतक्या वर्षांनंतरही त्यावर नीट भांडता येतं. तुमचे तिघांचे प्रस्ताव अजून माझ्याकडे आहेत. दुरुस्त करून पाठवाल तेव्हा पहिल्या पानावर एक वाक्य लिहा: काय दिसलं तर मी चुकलो असं मान्य करीन. हे वाक्य लिहायला मला माझ्या प्रबंधासाठी आठ महिने लागले, तेव्हा लगेच सुचलं नाही तर घाबरू नका. पण ते लिहून झाल्याशिवाय बाकीची पानं पाठवू नका.