मेलेल्या माणसाचा जबाब

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा मराठी चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिक घेऊन आला, पुढच्या वर्षी त्याला भारत सरकारचे सुवर्णकमळ मिळाले, आणि आम्ही मात्र तो आत्ता पाहिला. हिद्दला मुलाच्या बिऱ्हाडी गुरुवारी रात्री शेजारची दोन मराठी कुटुंबे जेवायला आली होती. कोर्टाचा चित्रपट म्हणजे टेबलावर मुठी आपटणारे वकील आणि शेवटी रडत कबुली देणारा खुनी, अशी पोरांची समजूत. अर्ध्या तासात पोरे उठून गेली. मोठी माणसे बसून राहिली, आणि नंतर दोनदा चहा झाला तरी कोणी उठेना.

कथा थोडक्यात अशी. नारायण कांबळे हे उतारवयाचे लोकशाहीर. मुंबईच्या एका वस्तीत त्यांचा कार्यक्रम होतो, आणि त्यानंतर तिथला वासुदेव पवार हा गटारसफाई कामगार मॅनहोलमध्ये मेलेला सापडतो. पोलीस म्हणतात, गटारात उतरून मरा असे शाहिराने गाण्यातून सांगितले, म्हणून हा मेला. गुन्हा आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा. जुन्या दंडविधानाचे कलम ३०६, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याचाच क्रमांक १०८ झाला आहे.

ह्या चित्रपटावर जातीच्या, सरकारी दडपशाहीच्या, तारखांवर तारखांच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. आमची नजर नर्सची, ती दुसरीकडे गेली. ह्या खटल्यात खरा प्रश्न एकच आहे: गटारात उतरताना वासुदेव पवारच्या मनात काय होते? प्रश्न सगळा मनाचा, आणि साक्षीला मनाचा जाणकार एकही नाही. गाण्याच्या शब्दांचा कीस निघतो, आरोपीच्या घरातल्या पुस्तकांचा निघतो. मेलेल्याला झोप लागत होती का, तो जेवत होता का, पुढच्या महिन्याच्या गोष्टी बोलत होता का, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

आणि तरी उत्तर मिळते. ते देते त्याची विधवा. नवरा दारू पीत असे, कारण वास सहन होत नसे. अंगावर घालायला, तोंडाला लावायला काही मिळत नसे. एका डोळ्याची दृष्टी गेली होती. उतरण्यापूर्वी तो गटारात खडा टाकून पाही; झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचे. आमच्या मते साऱ्या चित्रपटातला सर्वांत मोठा मानसशास्त्रीय पुरावा हा खडा आहे. ज्याला मरायचे असते तो झुरळांची वाट पाहत नाही. बाई हे भाजीचा भाव सांगावा तशा सपाट आवाजात सांगते. ही भूमिका करणाऱ्या बाई धंदेवाईक नट नव्हेत, आणि मुरलेल्या नटीला हा आवाज लावता आला असता असे आम्हांला वाटत नाही. ती बोलते मराठीत; न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात इंग्रजीत. मधल्या मध्ये काय गळते ते प्रेक्षकाने पाहावे.

इथे आमचे शेजारी पुढे सरकून बसले. ते हिद्दच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत काम करतात. म्हणाले, "मावशी, आमच्याकडे टाकीत माणूस उतरायचा तर आधी मीटरने गॅस मोजतात, कागदावर सही होते, तोंडाशी एक माणूस उभा राहतो. झुरळे?" आम्ही त्यांना गटारातल्या वायूचे सांगितले. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की सडक्या अंड्यांसारखा वास येतो; प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. माणसाला वाटते वास गेला, धोका गेला, आणि तो आणखी खाली उतरतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे हौसेने मरणाकडे चालत जाणे वाटेल. भारतात गटारात माणूस असा उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवली आणि २०२३ मध्ये तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यावरून काय ते समजावे.

मेलेल्याचे मन वाचण्याची रीत जगात नाही असे नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९५८ साली आत्महत्या-प्रतिबंधाचे एक केंद्र निघाले. अपघात की आत्महत्या असा संशय असलेल्या मृत्यूंत तिथल्या शवतपासनीसाने ह्या केंद्राची मदत घेतली. एडविन श्नाइडमन आणि त्यांचे सहकारी नातलगांकडे, शेजाऱ्यांकडे बसून मृताचे शेवटचे दिवस विचारीत. ह्याला मानसिक शवविच्छेदन म्हणतात. नाव भयंकर आहे, काम मात्र शेजारणीने करावे तसे. आपल्या वाचकांना तर ह्याहून जुनी गोष्ट सांगता येईल. शोकाच्या नियमांच्या 'सेमाहोत' ह्या ग्रंथात म्हटले आहे की झाडाखाली किंवा छपराखाली मेलेला सापडला म्हणून कोणाला आत्मघातकी समजू नये; मी वर जाऊन उडी टाकतो असे तो आधी बोलला असला आणि लोकांनी त्याला तसे करताना पाहिले असले, तरच. संशयाचा फायदा मेलेल्याला. चित्रपटातल्या सरकारी वकिलांना हे कळले असते तर पहिल्याच तारखेला फाईल मिटली असती.

आता आमचे स्वतःचे. १९८० नंतरच्या वर्षांत आम्ही मुंबईच्या एका इस्पितळात स्त्रियांच्या वॉर्डात होतो. ढेकूण मारण्याचे औषध प्यालेल्या बायका येत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस. पोट धुवायचे, अॅट्रोपिन द्यायचे, आणि शुद्धीवर आली की खाटेशी हवालदार जबाब घ्यायला हजर, कारण आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा होता, कलम ३०९. मग प्रत्येक बाई सांगे, खोकल्याचे औषध समजून चुकून प्याले. एकीने पहाटे तीन वाजता आम्हांला खरे ते सांगितले. आम्ही ते केसपेपरवर लिहिले नाही, तिला कोर्टात ओढतील म्हणून. कागदावर अपघात, म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे तिला कोणी पाठवले नाही. चार महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा ड्यूटी आमचीच होती. त्या खेपेला ती वाचली नाही. कायद्याच्या भीतीने घेतलेला जबाब काय किंमतीचा असतो हे आम्ही तिथे शिकलो, आणि त्या खोट्यात आमचाही हात होता.

त्याच शहरात १९८६ साली उच्च न्यायालयाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. मारुती श्रीपती दुबळ हे पोलीस शिपाई; अपघातानंतर मन बिघडलेले, भाजीच्या दुकानाच्या परवान्यासाठी महापालिकेत खेटे घालून थकलेले; त्यांनी तिथेच रॉकेल ओतून घेतले होते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने म्हटले ते असे की अशा माणसाला उपचार हवेत, तुरुंग नव्हे. वॉर्डात आम्ही ती बातमी मोठ्याने वाचली होती. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले, १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांनी ते फिरवले, आणि अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे असे ठरले. जिवंत राहिलेल्याच्या मनाची एवढी तरी दखल लागली. मेलेल्याचे मन अजून वकिलांच्याच हाती आहे.

ताम्हाणे न्यायदात्यांच्या मनाकडे मात्र बारीक पाहतात. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. दुष्ट नाही, कंटाळलेली आहे. न्यायाधीश बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचे काम पुढे ढकलतात. सुट्टीत सहलीला गेल्यावर न बोलणाऱ्या मुलाच्या बापाला ते नाव बदलण्याचा आणि बोटात खडा घालण्याचा सल्ला देतात! तो खडा आणि गटारात टाकलेला खडा, दोन्ही एकाच चित्रपटात आहेत. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केले की नाही कोण जाणे.

आमची तक्रार एकच आहे. दोन्ही वकिलांच्या घरात आपण जातो, जेवणाच्या टेबलाशी बसतो. न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो. विधवेच्या घरात जात नाही. साक्षीनंतर वकील तिला गाडीतून सोडायला निघतात, पैसे देऊ करतात. ती पैसे नाकारून काम मागते. तिथून पुढे चित्रपट तिची साथ सोडतो. ह्या माणसाबद्दल ज्या एकीला सारे ठाऊक आहे, तिच्या दाराशी कोर्टाप्रमाणे कॅमेराही थांबला. न्यायाधीशांच्या मंडळींना थोडा वेळ कमी देऊन दहा मिनिटे त्या खोलीत घालवली असती तर आम्हांला चालले असते.

चित्रपट सावकाश चालतो, कॅमेरा हलत नाही, जेवणाआधी लावावा. मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशी सरमिसळ आहे, तेव्हा इकडे वाढलेल्या मुलांसाठी खालच्या ओळी चालू ठेवाव्यात. शाहीर झालेले वीरा साथीदार २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. त्यांचा चेहरा तेवढ्यासाठी तरी पाहावा.