देहाची आयात

भिवंडीत सूत बाहेरून येतं आणि कापड बाहेर जातं. सुताचा काउंट विचारल्याशिवाय इथे कुणी माल घेत नाही. पण देहाची आयात करताना आपण हा प्रश्न विचारतो का?

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ओपनसिम हे मोफत सॉफ्टवेअर 2007 साली आले. हाडे, सांधे, स्नायू यांचे गणिती मॉडेल त्यात एका फाइलीत मावते. इथून निर्यात करा, तिथे आयात करा. तोच सांगाडा उभा राहतो. या सोयीला आम्ही नावं ठेवत नाही. आमची तक्रार वेगळी आहे : फाइल येते, पण हा देह कुणाचा, हे विचारायचं राहून जातं.

‘गेट 2392’ हे गाजलेले मॉडेल घ्या. मूळ देह सुमारे 1.8 मीटर उंच, 75.16 किलो वजनाचा. आपला यंत्रमाग कामगार त्यात बसवताना हाडांची लांबी आणि वजन बदलता येतं. स्नायूंची कमाल ताकद मात्र आपोआप बदलत नाही. गुडघा 120 अंशांपर्यंतच वाकतो, कारण मॉडेल चालण्यासाठी बनवलेलं. आपला माणूस मागापाशी उकिडवा बसतो, तेव्हा गुडघा त्याहून पुढे जातो.

उद्या या आकड्यांवरून ‘गुडघ्यावर एवढा भार चालेल’ असं कुणी ठरवलं, तर? गणित बरोबर असेल, पण ताकद उसनी असेल. आणि दुखणारा गुडघा मात्र कामगाराचा स्वतःचा.

म्हणून आम्ही म्हणतो, आयातीचं बटण दाबण्याआधी देहाचाही काउंट विचारा.