नौकानयनाचा इतिहास व उत्तर कोंकणचे नौकाकार
(परीक्षण)

१. डॉ. राधाकुमुद मुकर्जी यांचा ‘इंडियन शिपिंग’ हा इंग्रजी ग्रंथ इ. स. १९१२ मध्यें लाँगमन्स ग्रीन कंपनीनें प्रसिद्ध केला. ग्रंथ निघून शंभरांवर वर्षें लोटलीं. तथापि हिंदी नौकाबांधणीवर लिहूं पाहणारा लेखक अद्यापि प्रथम याच ग्रंथाकडे वळतो, व त्यांतील विधानें पुष्कळदां मूळ आधार न तपासतां पुढें चालू होतात. ज्या ग्रंथाचें वजन इतकें टिकलें, त्याचें परीक्षण केव्हांही अवेळीं होत नाहीं. आम्ही तें एका मर्यादित दृष्टीनें करणार आहों. पालघर, तारापूर व डहाणू या किनाऱ्यावर नौका कोणी बांधल्या, कशा बांधल्या व लांकूड कोठून आणलें, एवढाच प्रश्न हातीं घेऊन या ग्रंथाची पद्धत कोठवर उपयोगीं पडते तें पाहावयाचें आहे.

२. प्रथम ग्रंथकारांचें ऋण मान्य केलें पाहिजे. हिंदी लोकांस दर्यावर्दीपणाची परंपराच नाहीं, हा समज विद्वानांतही रूढ होता, त्या काळीं मुकर्जी यांनीं संस्कृत व पाली वाङ्मय, नाणीं, अजिंठ्याचीं चित्रें, बोरोबुदूरचीं शिल्पें व परकीय प्रवाशांचे लेख एकत्र करून तो समज मोडून काढला. जहाजें येथें होतीं, येथल्या लोकांनीं चालविलीं व दूर देशीं नेलीं, हें त्यांनीं सिद्ध केलें. एवढें सिद्ध करणें हाच त्यांचा हेतु होता, व तो सफल झाला. आमचा आक्षेप सिद्धान्तावर नाहीं. जहाज दाखवितांना तें बांधणारा हात या पद्धतींत दिसेनासा होतो, एवढाच आहे.

३. उदाहरणार्थ भोजाच्या नांवावर असलेला ‘युक्तिकल्पतरु’ घ्यावा. नौकाशास्त्राचा प्रमुख भारतीय ग्रंथ म्हणून मुकर्जी यांनीं त्यावर मोठी भिस्त ठेविली आहे. या ग्रंथांत लांकडाच्या ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य व शूद्र अशा चार जाती सांगितल्या आहेत; हलकें व मऊ तें ब्राह्मण, हलकें व कठीण तें क्षत्रिय, असा क्रम आहे. नौकांचे सामान्य व विशेष असे वर्ग, लांबी-रुंदी-उंचीचीं मापें, दालनांच्या जागेवरून पडणारे भेद, हें सर्व आहे. परंतु फळी फळीस कशी सांधावी, सांध्यांतून पाणी येऊं नये म्हणून काय करावें, वांक कोणत्या फांदीचे काढावे, याविषयीं कारागिराच्या उपयोगाचें त्यांत फारसें नाहीं. त्यावरून नौका ओळखतां येईल. बांधतां येणार नाहीं.

त्यांतील एक विधान मात्र मोलाचें आहे. समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण समुद्रांतील लोहचुंबक ती नौका ओढून घेईल, असें ग्रंथकार म्हणतो. चुंबकाची गोष्ट ही दंतकथा, हें उघड आहे. पण दंतकथेमागें एखादी खरी रीत असूं शकते. पश्चिम समुद्रावर काथ्याच्या दोरीनें शिवलेल्या नौका चालत, हें परकीय प्रवाशांनीं पाहून लिहिलेलें आहे. रीत आधीं होती, व तिचें कारण पंडितानें मागाहून शोधलें, असा आमचा तर्क आहे. पोथीच्या वाक्यापलीकडे किनाऱ्यावरच्या रीतीकडे पाहिलें तरच हा उलगडा होतो.

४. आतां पालघरच्या किनाऱ्याकडे वळूं. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख संशोधकांस परिचित आहे. इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या आरंभींचा हा लेख. नहपानाच्या या जांवयानें इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर नावांची धर्मार्थ तर ठेविली, असें त्यांत आहे. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, यांत संशय नाहीं. त्यानंतर सुमारें आठशें वर्षांनीं, शके ८४८ मध्यें, राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या कारकीर्दींत संजाणच्या मंडळावर मधुमति सुगतिप नांवाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. त्यानें दोन प्रवाहांवर धर्मार्थ तर चालू केली व भात, कालवण आणि तूप यांचें अन्नसत्र घातलें, असें तारापुराशेजारच्या चिंचणी येथें सांपडलेले ताम्रपट सांगतात. ते डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’मध्यें प्रसिद्ध केले. मुकर्जी यांच्या वेळीं ते उपलब्ध नव्हते. त्यांचा उल्लेख नाहीं हा त्यांचा दोष नव्हे.

हे दोन्ही लेख दात्याच्या पुण्याकरितां वाचले गेले, अधिकाऱ्यांच्या नांवांकरितां वाचले गेले. नौकेकरितां ते वाचावयास हवेत. लांकडी नाव एकदां दान देऊन भागत नाहीं. दरवर्षीं ती वर ओढावी लागते, सांधे पुन्हा भरावे लागतात, तळास तेल द्यावें लागतें, कुजलेली फळी बदलावी लागते. धर्मार्थ तर कायम चालावयाची म्हणजे जवळपास लांकूड व सुतार कायम असले पाहिजेत. राजा व अधिकारी बदलले, धर्म व भाषा बदलल्या. पण त्याच किनाऱ्यावर आठशें वर्षांच्या अंतरानें तेंच दान पुन्हा दिलेलें आढळतें. तें दान शक्य करणाऱ्या कारागिराचें नांव दोन्ही लेखांत नाहीं. त्याचें अस्तित्व अनुमानानेंच काढावें लागतें, पण तें अनुमान बळकट आहे.

५. सोळाव्या शतकांत येतां आधार अधिक स्पष्ट होतो. वसईच्या उत्तरेस आगाशी हें लांकडाच्या व्यापाराचें व जहाजबांधणीचें नांवाजलेलें ठिकाण होतें. पोर्तुगेजांनीं तें इ. स. १५३० व १५३१ मध्यें दोनदां लुटलें. तेथें बांधणी चालू असतांना हस्तगत केलेलें एक जहाज पुढें युरोपच्या सफरी करीत असे, असें १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या ग्याझेटियरांत नमूद आहे. युरोपपर्यंत जाणारें जहाज जेथें बांधलें जाई, तेथें आज गोदीचें बांधकाम दिसत नाहीं. मग तो उल्लेख अतिशयोक्तीचा मानावा काय?

आमचें मत तसें नाहीं. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथें खडकांत खोदलेली मराठी गोदी आहे. ती पाहावयास मिळते म्हणून तिजवर लेख होतात. उत्तर कोंकणांत अशा गोदीची गरजच नव्हती. मुंबईहून उत्तरेस खंबायतच्या आखाताकडे जावें तसतसें भरती-ओहोटींतील अंतर वाढत जातें. खाडीच्या कांठीं उंच जागीं ओंडक्यांवर नौका उभी करावी, आणि अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणानें ती पाण्यांत न्यावी, ही येथली सोय. समुद्र स्वतः गोदीचें काम करी. काम आटोपलें म्हणजे खुंट व ओंडके उचलले जात, आणि पुढच्या पावसाळ्यांत तीही खूण बुजून जाई. ज्या धंद्याचा अवशेष उरत नाहीं, तो नव्हताच असें मानणें ही इतिहासकाराची जुनी चूक आहे. दगड शोधणाऱ्याला रेतीवरची गोदी सांपडावयाची नाहीं.

६. मराठी कागदपत्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचा १६ वा खंड वसईच्या मोहिमेचा आहे. इ. स. १७३९ च्या जानेवारींत तारापूरचा किल्ला हल्ला करून घेतला गेला व तेथें बाजी भीवराव रेठरेकर पडले, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तारापूरच्या खाडींतील गलबतें कोणी दुरुस्त केलीं, वाडा व जव्हारकडील साग वैतरणेनें कसा खालीं येई, मनोरपर्यंत भरतीच्या पाण्यानें जाणाऱ्या लहान गलबतांनीं लांकडाचें काय भाडें घेतलें, हें आपण विचारलेलें नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त आरमाराकरितां सागादि लांकूड कसें मिळवावें, व आंबा-फणस हीं रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं झाडें कां तोडूं नयेत, याची चर्चा आहे. राज्यकर्त्यास लांकडाची चिंता होती. त्याच्या इतिहासकारास मात्र ती क्वचितच वाटली.

कारागीर कागदांत केव्हां दिसतो? बहुधा तो पळून गेला म्हणजे! शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडीकडे जहाजें बांधावयास लाविलीं, तेव्हां त्या कामावर रुय लैतांव व्हियेगश नांवाचा पोर्तुगेज होता. वसईच्या पोर्तुगेज अधिकाऱ्यानें इ. स. १६५९ मध्यें त्याचें मन वळवून त्यास साथीदारांसह काम सोडावयास लाविलें. ही हकीकत पोर्तुगेज पत्रव्यवहारामुळें आपणांस कळते. त्याच कामावर राहिलेल्या देशी सुतारांबद्दल तो पत्रव्यवहार लिहीत नाहीं, कारण ते कोठें गेले नाहींत.

७. या उणिवेचें खरें स्वरूप मुंबईशीं तुलना केली म्हणजे ध्यानांत येतें. लवजी नसरवानजी वाडिया हे इ. स. १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत बांधलेल्या जहाजांपैकीं ‘मिंडन’ १८१० मध्यें व ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्यें पाण्यांत गेलें. १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वरच झाला. १८१७ चें ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन केलेलें आहे. या घराण्याचा इतिहास रतनजी अर्देशर वाडिया यांनीं १९५५ मध्यें लिहिला. तो लिहितां आला, कारण कंपनी सरकारची गोदी ही एक कचेरी होती. करार, पगार, लांकडाच्या खरेदी सर्व कागदावर होत. सातपाटीच्या किंवा आगाशीच्या मिस्त्रीची कचेरी त्याच्या डोक्यांत होती. दोघांच्या कौशल्यांतील अंतर कदाचित् मोजतां येईल. त्यांच्या कीर्तींतील अंतर हें मुख्यतः कागदाचें अंतर आहे. मुकर्जी यांच्या पद्धतीनें पहिला दिसतो व दुसरा दिसत नाहीं.

८. मग दुसऱ्याचा आधार अगदींच नाहीं काय? आहे, पण तो पोथींत नाहीं. मत्स्यव्यवसायाच्या अभ्यासकांनीं या किनाऱ्यावरील मच्छीमार नौकांचे सातपाटी व वसई असे दोन निरनिराळे घाट मानले आहेत. सातपाटीच्या नौकेचा पसारा रुंद व तळाचा कणा सरळ. पापलेटासाठीं प्रवाहाबरोबर वाहत जाणारें जाळें तिजवरून टाकावयाचें, म्हणून तिला रुंदी हवी. वसईकडे डोलीचें जाळें प्रवाहांत खुंटांस बांधावयाचें, म्हणून तेथील घाट वेगळा. एकाच जिल्ह्यांत, थोड्या कोसांच्या अंतरावर, जाळें बदललें कीं नौका बदलते. हा नियम ‘युक्तिकल्पतरूं’तील वर्गवारीहून अधिक शास्त्रीय आहे, आणि तो कोणीही लिहून ठेविला नाहीं. कणा, नाळ व मागचा खांब उभा राहिला कीं उरलेलें माप मिस्त्रीच्या नजरेंत असे. सागाच्या फळ्या, बाभळीचे जन्मतः वांकडे वांक. वांकडें लांकूड तासून वांकविण्यापेक्षां झाडावरच हेरून ठेवणें, ही त्याची विद्या.

ही विद्या आतां वेगानें ओसरत आहे. नौकेंत प्रथम यंत्र आलें, व त्यासाठीं मागची बाजू बदलावी लागली. पुढें काचतंतूच्या, म्हणजे फायबरच्या, नौका आल्या. त्यांस सांचा लागतो, वांकडी फांदी ओळखणारा डोळा लागत नाहीं. चिंचणीच्या उत्तरेस वाढवण येथील मोठ्या बंदरास केंद्र सरकारनें जून २०२४ मध्यें मंजुरी दिली, व त्याच वर्षीं ३० ऑगस्ट रोजीं पालघर येथें पायाभरणी झाली. तें बंदर व्हावें कीं न व्हावें, हा या पानांचा विषय नव्हे. परंतु ज्या किनाऱ्यावरील तरींचीं दानें ताम्रपटावर कोरलीं गेलीं, त्याच किनाऱ्यावरील शेवटच्या लांकडी नौकांचीं मापें कोणीही घेतलीं नाहींत, असें पुढील पिढीस म्हणावें लागूं नये.

९. तात्पर्य, मुकर्जी यांचा ग्रंथ नौकानयनाचा इतिहास म्हणून मान्य. नौकाबांधणीचा इतिहास म्हणून अपुरा. तो पुरा करण्याचें काम ग्रंथालयांत बसून होणार नाहीं, व यांत दोष एकट्या त्यांचा नाहीं. जुन्या दप्तराचा रुमाल सोडतांना आम्हीही सनदा व पत्रें आनंदानें वेगळीं काढलीं आहेत आणि लांकडाच्या, खिळ्यांच्या, राळेच्या हिशेबाचे बंद किरकोळ म्हणून परत बांधले आहेत. असे कितीएक बंद पुढें रद्दींत गेले असतील, तें सांगवत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी: वसई, पालघर व डहाणू या तालुक्यांतील घराण्यांत लांकडाच्या विक्रीचे हिशेब, खाडीच्या जकातीचे कागद, गलबतांच्या भागीदारीचे लेख, मिस्त्रीच्या मजुरीच्या वह्या आढळल्यास त्या किरकोळ समजूं नयेत, तारीखवार नकल करून ठेवाव्या. जेथें कागद नाहीं तेथें वृद्ध मिस्त्रीपाशीं बसून नौकेच्या प्रत्येक भागाचें त्याच्या तोंडचें नांव लिहून घ्यावें, व खाडीकांठीं पडून राहिलेल्या जुन्या नौकेचीं मापें तिच्या फळ्या सरपणास जाण्यापूर्वीं घ्यावीं. पोथी पुढील वर्षीं वाचली तरी चालेल. तिची दुसरी प्रत कोठेंतरी असूं शकते. मिस्त्रीची दुसरी प्रत नसते.