रिक्त पदावरील पत्नी : 'फॉल्टी टॉवर्स'मधील दांपत्य

बीबीसीच्या 'फॉल्टी टॉवर्स' (१९७५ व १९७९) या अवघ्या बारा भागांच्या मालिकेचा विचार बहुधा बेसिल फॉल्टीच्या आक्रस्ताळेपणाशी, म्हणजेच जॉन क्लीझच्या देहबोलीशी, येऊन थांबतो. प्रुनेला स्केल्सने साकारलेली सिबिल मग प्रहसनातील कजाग पत्नीच्या जुन्या साच्यात आपोआप बसवली जाते. हे वाचन अपुरे आहे. टॉर्कीमधले हे लहानसे हॉटेल पतिपत्नी मिळून चालवतात. परंतु त्यांच्यातील संबंधांची भाषा मालक आणि नोकर यांच्या व्यवहाराची आहे.

'द बिल्डर्स'मध्ये सिबिलच्या पसंतीच्या कंत्राटदाराला डावलून बेसिल स्वस्तातल्या ओरायलीला काम देतो, आणि त्याची माणसे जेवणघराचे दारच बुजवून टाकतात. पुढची सारी धडपड तिला कळू नये यासाठी. दुसऱ्या एका भागात शर्यतीत जिंकलेली रक्कम लपवतानाही तो गल्ल्यात हात घातलेल्या कारकुनासारखाच भेदरलेला असतो.

या दृष्टीने १९७९ मधील 'दि ॲनिव्हर्सरी' हा भाग निर्णायक ठरतो. लग्नाचा पंधरावा वाढदिवस विसरल्याचे बेसिल सोंग करतो. प्रत्यक्षात त्याने गुपचूप मित्रमंडळी बोलावलेली असतात. संपूर्ण मालिकेतील त्याची ही बहुधा एकमेव कोमल कृती, आणि तीही मेजवानीच्या आगाऊ नोंदणीचे रूप घेऊन येते! सिबिल संतापून निघून जाते, मंडळी दारात उभी राहतात. पत्नी आजारी असल्याची थाप निभावण्यासाठी पोली या वेट्रेसला सिबिलच्या वेषात अंधाऱ्या खोलीत निजवले जाते.

पोलीची भूमिका करणारी कॉनी बूथ ही मालिकेची सहलेखिका. क्लीझशी तिचा १९७८ मध्ये घटस्फोट झाला होता. तरी दुसऱ्या पर्वाची संहिताही दोघांनी मिळूनच लिहिली. पूर्वाश्रमीची पत्नी पडद्यावरील पत्नीच्या जागी झोपते, या योगायोगात लेखकद्वयाचे सहजीवन शोधण्याचा मोह अनावर होतो. (आपल्याकडील चरित्रशरण समीक्षेने तो आवरला असता, असे वाटत नाही.) संहितेला मात्र त्या आधाराची गरज नाही. पोली या सोंगाला तयार होते ती मोटारीसाठी पैसे मिळावेत म्हणून. मूळ व्यक्ती गैरहजर असताना बदली नेमावी, तिचा मोबदला ठरवावा, इतकी 'पत्नी' ही हॉटेलमधील एक जागा झालेली आहे. विनोदाखालची खरी भीषणता येथे आहे, आणि प्रेक्षक हसत असल्यामुळे ती त्याच्या लक्षात येत नाही.

तेवढ्यात सिबिल परतते. ही तिच्यासारखी दिसणारी कोणी भलतीच बाई, असे पाहुण्यांना सांगून बेसिल तिला स्वयंपाकघरातील कपाटात कोंडतो. बदली पत्नी शयनगृहात आणि खरी पत्नी कपाटात, अशा स्थितीत पाहुण्यांची बोळवण होते. त्यानंतर बेसिल कपाटाकडे वळतो आणि भाग संपतो. पाहुण्यांच्या पश्चात या दोघांत काय बोलणे होते, ते दाखवण्याची जबाबदारी संहिता घेत नाही.