पहिल्या पानावरचा संशय

कॉलेजच्या पोरापोरींसाठी म्हणून हल्ली ज्या मराठी प्रेमकथा येतात, त्यांनी मला पुरतं वैतागून सोडलं आहे. सतरा वर्षांची नायिका पहिल्या पानावर ठणकावते, प्रेमबिम सगळं झूट. शेवटच्या पानावर पाऊस येतो आणि ती विरघळते. मधली सगळी पानं लेखक तिचा संशय दुखण्यासारखा बरा करत बसतो. तो संशय आला कुठून, हे विचारायला त्याला सवड नसते.

आमच्या खानदेशाने हा प्रश्न कधीच विचारून ठेवला आहे. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ची, लिहिणारा जेमतेम पंचविशीतला. ती प्रेमकथा नव्हे, म्हणूनच इथे कामाची. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर, त्याला वडील पटत नाहीत, पुणं पटत नाही, शिक्षण पटत नाही. पण धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते तेव्हा त्याची सगळी बेफिकिरी गळून पडते. त्याचा संशय आणि त्याची माया एकाच मुळातून आलेली आहे. ज्याला खरी माया ठाऊक आहे, त्यालाच तिच्या नावाने चाललेला बनाव खपत नाही. नेमाडे तो संशय बरा करत नाहीत.

प्रेमकथेकडे वळायचं तर मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) ही कादंबरी मोठीच. पण तिथे नायिका शिरोडकर दिसते ती नायक जोशीच्या नजरेतून. तिच्या मनात काय चाललंय हे त्याला कळत नाही, हा त्या पुस्तकाचा प्रामाणिकपणा. मात्र शिरोडकरच्या बाकावर बसून तितक्याच ताकदीने लिहिलेली कादंबरी अजून माझ्या वाचनात नाही. चित्रपटांपैकी ‘टाइमपास’बद्दल बोलण्यासारखं काही नाही. ‘सैराट’मध्ये दहशत बाहेरून येते; नायिका आर्चीच्या आत शंका नाही.

मला हवी आहे ती धुळ्याच्या देवपुरातली मुलगी. मोठ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी तिने स्वयंपाकघरातून ऐकली आहेत. बाहेर तोळ्यांवर घासाघीस, आत बहीण पोह्यांच्या बशा भरतेय आणि चमच्याचा आवाज होऊ देत नाही, आकडा ऐकू यावा म्हणून. ही मुलगी प्रेमावर विश्वास ठेवत नसेल तर ती अडाणी की शहाणी? असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई तिशीत विधवा झाल्या. त्यांनी संसाराला साखर लावली नाही, तरी त्यांच्या गाण्यांत माया आटली नाही. असा वारसा असलेल्या मुलखात नायिकेला पावसात भिजवून गप्प करणं मला अपमानास्पद वाटतं.

मुलांना हलकंफुलकं लागतं, हे कारण मला सांगू नका. बैठकीतला आकडा ऐकू शकणाऱ्या मुलीला तो छापून वाचायलाही झेपतो. तिला प्रेमात जरूर पाडा. पण आवडलेल्या मुलालाही तिने विचारलं पाहिजे, तुझ्या घरी किती तोळे मागतील? आणि लेखकाने त्याला उत्तर द्यायला लावलं पाहिजे, पाऊस न पाडता.