भिंतीपलीकडची सनई

शिळ्या कढीला ऊत आणण्याचा धंदा जगात जितका तेजीत चालतो, तितका ताज्या कढीचाही चालत नसेल. एकदा विकलेली तबकडी पुन्हा विकायची, मग तिसऱ्यांदा विकायची, आणि घेणाऱ्यानं दर वेळी 'या खेपेला आवाज काय स्वच्छ आलाय!' असं म्हणत पाकीट उघडायचं, या व्यवहाराचं मला कायम नवल वाटत आलं आहे. गाणी तीच, वाजवणारे तेच, ठेका तोच. मग नवं काय? तर म्हणे रीमास्टरिंग! आमच्या दिवेआगरात गणपतीच्या आधी घरोघर पितळेची भांडी चिंचेनं घासतात, तसलाच काहीतरी प्रकार असावा. भांडं तेच, आमटीही तीच, पण चार दिवस फळीवर चकाकतं.

हे मत मी डोंबिवलीच्या भाच्याला फोनवर ऐकवलं, तेव्हा त्यानं थंडपणे विचारलं, "मामा, ते ठीक आहे. पण जॉर्ज हॅरिसनची 'वंडरवॉल म्युझिक' घेऊ की नको? तू बीटल्सच्या जमान्यातला माणूस."

बीटल्सच्या जमान्यात मी होतो हे खरं आहे. पण त्या जमान्यात मी फोर्टातल्या एका कचेरीत कारकुनी करत होतो, आणि लिव्हरपूलपेक्षा माझा जास्त संबंध पाच बावन्नच्या लोकलशी यायचा. तरीही भाच्यानं मला परीक्षक नेमलं आणि पुढच्या शनिवारी तो सामानासकट हजर झाला. सामान म्हणजे २०१४ सालची सीडी, २०२४ साली निघालेली तीच तबकडी मोठ्या आकारात, ती वाजवायचं सुटकेसएवढं यंत्र, आणि मामीसाठी अर्धा किलो काजूकतली. काजूकतलीबद्दल आमच्या हिचा अभिप्राय अनुकूल पडला. उरलेल्या दोन वस्तूंचा हा जमाखर्च.

आधी मूळ वस्तू काय आहे ते सांगतो, कारण बीटल्सची भजनं म्हणणाऱ्यांनाही ही तबकडी फारशी पाठ नसते. 'वंडरवॉल' हा जो मॅसॉट नावाच्या दिग्दर्शकाचा १९६८चा सिनेमा. एक विसरभोळा म्हातारा शास्त्रज्ञ, त्याच्या घराच्या भिंतीला एक भोक, आणि भोकापलीकडे जेन बर्किन. म्हातारा सिनेमाभर त्या भोकातून पाहत बसतो. गिरगावातल्या चाळीत हा सिनेमा दहा मिनिटांत संपला असता. तिथं भिंतीला भोक पाडायची गरज पडत नाही. पलीकडची माणसंच वाटी घेऊन अलीकडे येतात. ते असो. संगीतासाठी मॅसॉटनं हॅरिसनला गाठलं आणि सांगितलं, तू जे करशील ते मी सिनेमात घालीन. असं मोकळं रान मिळाल्यावर हॅरिसननं अर्धं काम लंडनमध्ये केलं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी जानेवारी १९६८मध्ये तो थेट मुंबईला आला. ऋषिकेशची प्रसिद्ध वारी घडली ती त्यानंतर, फेब्रुवारीत.

मुंबईत म्हणजे कुठे? तर फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवर, एचएमव्हीच्या स्टुडिओत. इथं माझे कान टवकारले. माझ्या कचेरीपासून तो रस्ता पानाच्या एका विड्याच्या अंतरावर. विडा तोंडात घालून निघालं की चुना लागायच्या आत पोचलं.

त्या स्टुडिओची कथा हॅरिसननंच पुढं सांगितली आहे. मुंबईत होतं ते यंत्र एकमार्गी, म्हणजे मोनो. त्याला हवं होतं स्टीरिओ. तेव्हा एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी ते यंत्र कलकत्त्याहून आगगाडीनं मुंबईला आणलं. कलकत्ता मेलच्या गर्दीत ते धूड जपत आणणं म्हणजे काय याची कल्पना ज्यांनी मुलीच्या लग्नाचं फर्निचर रेल्वेनं नेलं आहे त्यांनाच येईल. शिवाय स्टुडिओला आवाज अडवणाऱ्या भिंती जवळजवळ नव्हत्याच. खालच्या रस्त्यावरच्या टॅक्स्या आत ऐकू यायच्या. आणि संध्याकाळी साडेपाचला इमारतीतली ऑफिसं सुटली, की जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांच्या पावलांचा असा गडगडाट व्हायचा की ध्वनिमुद्रण बंद ठेवावं लागे.

हे वाचून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. अमेरिकेतल्या किंचाळणाऱ्या पोरींना जे जमलं नाही, ते आमच्या फोर्टातल्या कारकुनांनी केवळ वेळेवर घरी जाऊन करून दाखवलं. बीटल्सपैकी एकाला त्यांनी हातातलं काम थांबवायला लावलं! बरं, त्यांतल्या कुणाला याचा पत्ता असेल? वर कुणी का वाजवत असेना, खाली पाच बावन्न होती.

तर आता तबकडी. एकूण एकोणीस तुकडे आहेत, बरेचसे मिनिट-दोन मिनिटांचे. लंडनमध्ये केलेले तुकडे मी सौजन्य म्हणून ऐकले. 'काउबॉय म्युझिक'मध्ये बाजा वाजतो आणि घोडा दुडक्या चालीनं जातो. ऐकून झाल्यावर काही उरत नाही. 'स्कीइंग'मध्ये एरिक क्लॅप्टनची गिटार आहे आणि ती चांगलीच झणझणीत आहे. पण एकंदर लंडनचा भाग म्हणजे ताटातलं डावं अंग. चटणी हवी, कोशिंबीर हवी, पण त्यासाठी कुणी पंगतीला बसत नाही.

पंगत आहे ती मुंबईची. पहिलाच तुकडा 'मायक्रोब्ज', म्हणजे जंतू. नाव ऐकून आमची ही आत निघून गेली. पण त्यात दोन सनया अशा काही गंभीर चालीनं उठतात की ओटीवर पोफळं सोलत बसलेला गडीसुद्धा हात थांबवून ऐकू लागला. माझ्या कानाला त्यात दरबारीचा वास आला. सनई आपण आयुष्यभर लग्नात ऐकतो, म्हणजे खरं तर ऐकतच नाही. अक्षता कुणाच्या टकलावर पडल्या ते बघत असतो. इथं लग्न नाही, जेवण नाही, आहेर नाही. नुसती सनई. सत्तरी ओलांडल्यावर ती मला पहिल्यांदा नीट ऐकू आली, तीही एका साहेबाच्या तबकडीवर. पुढं 'लव्ह सीन'मध्ये आशिष खाँची सरोद स्वतःशीच सवालजवाब करते, 'क्राइंग'मध्ये विनायक व्होरांची तारशहनाई मिनिटभरच रडते पण आवंढा गिळायला लावते, आणि 'तबला अँड पखवाज'मध्ये महापुरुष मिश्र मिनिटभरात जे करतात त्यावर दुसऱ्या कुणी तासाची मैफल उरकली असती. तक्रार एकच. सगळं मिनिटा-मिनिटाचं. राग मांडी घालून बसतो न बसतो तोच त्याला उठवतात. पुढच्या बसला चढायचं असल्यासारखी ही मैफल आहे.

आता वेष्टनाकडे येऊ. क्लॅप्टन या कामात 'एडी क्लेटन' झाला होता आणि रिंगो स्टार 'रिची स्नेअर'. नाव असलेल्यांना नाव लपवायची हौस असते. उलट आमच्या मंडळींनी कधी नाव लपवलं नाही. ते छापणाऱ्यांनी लपवलं. सनई वाजवणाऱ्या हनुमान यांचं आडनाव इंग्रजीत जसं छापलं आहे ते वाचलं की 'जादेव' होतं. कोकणात, देशावर, मराठवाड्यात, सासुरवाडीच्या सात पिढ्यांत मला एकही जादेव भेटलेला नाही. हे आपले जाधव असणार याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. बासरीवाले एस. आर. केंकरे मात्र सुटले, त्यांचं आडनाव शाबूत पोचलं. मला विचाराल तर पुन्हा बाजारात आणलेल्या तबकडीची पहिली परीक्षा इथेच घ्यावी. आवाज धुऊनपुसून घेतला, मग नावं का नाही? ध्वनीतली खरखर काढायला यंत्रं आहेत. जादेवांचे जाधव करायला एक पेन्सिल पुरते.

भाच्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, "मामा, जुनं जसं होतं तसंच ठेवण्यात गंमत असते." यावर मी त्याला आमच्या सुवर्णगणेशाची गोष्ट सांगितली. १९९७ साली इथं एका सुपारीच्या बागेत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि दिवेआगर नकाशावर आलं. २०१२च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले, मुखवटा गेला. चोर सापडले तोवर सोनं वितळवलं गेलं होतं. पुढं ते सोनं परत मिळालं, त्याचा पुन्हा मुखवटा घडवला, आणि नोव्हेंबर २०२१मध्ये त्याची स्थापना झाली. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढच्या आजी बराच वेळ टक लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाक थोडं वेगळं आलंय. पण सोनं आपलंच आहे ना?" आणि त्यांनी हात जोडले.

"तर मग?" भाचा म्हणाला.

तर मग, सोनं आपलं आहे की नाही एवढंच बघायचं. २०१४च्या सीडीत ते आहे. मूळ एकोणीस तुकडे स्वच्छ आहेत आणि शेवटी तीन जास्तीच्या गोष्टी जोडल्या आहेत. त्यांतली एक रेमो फोर या लिव्हरपूलच्या बँडचं गाणं. ऐकलं, सोडून दिलं. दुसरी 'ऑलमोस्ट शंकरा', म्हणजे जवळजवळ शंकरा. आमच्या गावच्या गाण्याच्या क्लासात जवळजवळ यमन आणि जवळजवळ भूप नित्य ऐकू येतो, पण तो इतक्या प्रामाणिकपणे कुणी जाहीर करत नाही. हा शंकरा ऐकण्यासारखा आहे, कारण इथं वाजवणाऱ्यांना एकदाचं पाय पसरायला मिळालं आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे 'द इनर लाइट'. हे बीटल्सचं गाणं मार्च १९६८मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला निघालं. आशय 'ताओ ते चिंग' या जुन्या चिनी ग्रंथातला: दाराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येतं. (एस.टी. बंद असल्यावर आम्ही हे तत्त्वज्ञान आचरणातही आणतो.) हॅरिसननं गायन लंडनला जाऊन केलं, पण वाजवणं सारं त्या फोर्टातल्या स्टुडिओतलं. सीडीवर आहे तो त्याच वाजवण्याचा वेगळा नमुना, गाण्याशिवाय. सुरुवातीला खोलीतलं थोडं बोलणं येतं, आणि मग हार्मोनियम, बासरी, सरोद, सनई एकमेकांना वाट देत निघतात. गाणारा नसल्यामुळे प्रथमच वाजवणारे पुढं येतात. लंडनच्या आवाजामागं ही मंडळी इतकी वर्षं भिंतीपलीकडे बसली होती. या तुकड्यासाठी मी पैसे दिले असते. खरं म्हणजे दिले. भाच्याकडून ती सीडी मी छापील किमतीला विकत घेतली.

मग मी कान लावून टॅक्सी शोधत बसलो. एके ठिकाणी भोंगा स्पष्ट वाजला. मी ओरडलोच, "हीच! फियाट!" पण ती बोर्लीहून येणारी सहा आसनी निघाली.

राहिली २०२४ची मोठी तबकडी. ती चित्रांची आहे. फिरू लागली की डोळ्याला नुसता रंगाचा काला दिसतो. पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर चित्रं हलायला लागतात. जत्रेतल्या बायस्कोपाची मजा आहे, नाही असं नाही. गल्लीतली सगळी पोरं मोबाइल घेऊन भोवती जमली, सनई कुणी ऐकली नाही. चित्र छापलेल्या तबकडीत खरखर जास्त असते ही जुनी तक्रार, आणि तीही ऐकून खरी वाटली. त्यातच वीज गेली. सीडी असती तर मुकाट्यानं बंद पडली असती. तबकडी मात्र मंद होत गेली, आणि जाधवांची सनई खाली खाली उतरत शेवटी गोठ्यातल्या म्हशीला जाऊन मिळाली. म्हशीनं उत्तरही दिलं.

शिवाय समुद्राकाठच्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पापडापासून पासबुकापर्यंत सगळ्याला बुरशी येते. माझ्या जुन्या तबकड्यांची वेष्टनं कसर आणि ओल यांनी वाटून घेतली, उरलेली २०२०च्या जूनमधल्या निसर्ग वादळात पत्रे उडाले तेव्हा भिजली. चित्रांची तबकडी इथं ठेवायची तर लोखंडी कपाट हवं, कापूर हवा, आणि दर महिन्याला ती काढून पुसणारा भाचा हवा.

तेव्हा कुणी घ्यावी? ज्याच्याकडे १९९२ची जुनी सीडी आहे आणि ज्याला फक्त 'स्कीइंग'मधल्या गिटारीशी कर्तव्य आहे, त्यानं पैसे वाचवावेत. ज्याला 'कॉल ऑफ द व्हॅली' आवडली, आणि त्यातला शिवकुमार शर्मांचा संतूर ज्याच्या कानात अजून आहे, त्यानं २०१४ची सीडी डोळे मिटून घ्यावी. त्याच हाताचं काम इथंही आहे. चित्रांची तबकडी ज्याला भिंतीवर लावायची असेल त्यानं घ्यावी. बीटल्सची प्रत्येक वस्तू गोळा करणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही, ते दोन्ही घेणार आणि १९६८ची मूळही शोधत फिरणार.

भाच्यानं सोमवारी निघताना चित्रांची तबकडी बरोबर नेली. सीडी माझ्याकडे आहे. तिच्या पुस्तिकेत मी पेन्सिलीनं 'जाधव' असं लिहून ठेवलं आहे.